गुरुलिंगअप्पांचं भांडण

गुरुलिंगअप्पांच्या माडीवर ‘वा’ म्हणायला बंदी होती. कुणी गात असताना, कविता म्हणत असताना किंवा चित्र उलगडून दाखवत असताना एखाद्याच्या तोंडून चुकून ‘वा’ निघून गेला, की अप्पा हात वर करत. गाणारा मध्येच थांबे. मग अप्पा त्या ‘वा’वाल्याकडे वळून अगदी शांतपणे विचारत, “वा? कामून वा?” काय आवडलं, कुठली जागा, कुठला शब्द, ते त्या बिचाऱ्याला सगळ्यांदेखत सांगावं लागे. सांगता आलं नाही तर अप्पा म्हणत, “मंग गप बसून ऐका. फुकटचा वा म्हंजी शिळ्या भाकरीवर तूप. भाकर शिळी हाय ते बी कळत न्हाई आन् तूप बी वाया.”

नांदेडात त्यांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. मूळचे ते लातूरचे. तिकडच्या गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांच्या भावांच्या आडती होत्या, पण भावांशी पटेना म्हणून तरुणपणीच इकडे येऊन राहिलेले. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे तीन आडवे पट्टे, अंगात बाराबंदी आणि आवाज असा, की दुकानात सांगितलेला घागरीचा भाव गल्लीच्या तोंडाशी ऐकू जावा. गावातले लोक म्हणत, “अप्पाकडं भांडी बी मिळतात आन् भांडणं बी.” अप्पांना ते आवडे. सोमवारी पूजा आटोपली की दुपारनंतर दुकान बंद आणि वरची माडी उघडी. तिथे गावातले गाणारे, वाजवणारे, लिहिणारे, रंगवणारे जमत. अप्पा स्वतः काहीच करत नसत. त्यांना सूर धरता येत नव्हता, चार ओळी जुळवता येत नव्हत्या. त्यांना फक्त भांडण लावता येत होतं.

मी त्या वेळी एका खाजगी मराठी शाळेत मास्तर होतो. कविता करायचो. निजामाच्या राज्यात चार मराठी अक्षरं छापून येण्याची मारामार, त्यामुळे माझ्या कविता ऐकणारे म्हणजे माझी बायको आणि शाळेतले दोन सहकारी. तिघंही ‘वा’ म्हणायचे. पहिल्या सोमवारी मी माडीवर गोदावरीवरची माझी सर्वांत लाडकी कविता म्हटली. ती संपली. मग अप्पांनी विचारलं,

“मास्तर, ही नदी कुठली म्हणलाव?”

“गोदावरी. आपलीच.”

“मंग तिच्यात हंस कुठनं आले? मी ईस वर्सं घाटावर आंघोळ करून राहिलो. मला म्हशी दिसत्यात. तुमाला हंस कवा दिसला?”

माडी हसली. तेवढ्यात कोपऱ्यातून एक आवाज आला. “हंस रहने दो अप्पा. उनके दिल में आया, कागज पे उतरा. तुम्हारेकू क्या तकलीफ?” तो बोलणारा म्हणजे करीमभाई, गावातला पेंटर. दुकानांच्या पाट्या आणि नाटकाचे पडदे रंगवणारा, किडकिडीत, नखांत कायम निळा रंग अडकलेला माणूस. अप्पा उलटून म्हणाले, दिलात आलेलं सगळं उतरवायचं असेल तर मग तू पाट्यांवर दुकानदाराचं नाव का लिहितोस, आपलंच लिही. करीमभाई चिडले. हार्मोनियम वाजवणारे गोविंदराव अप्पांच्या बाजूने उतरले, नाटकं लिहिणारे वकीलसाहेब हंसाच्या. दिवे लागेपर्यंत माझ्या एका हंसावरून ते सगळे एकमेकांवर ओरडत होते. मी अपमानाने जळत घरी निघालो. पुलापर्यंत आलो तेव्हा ध्यानात आलं, की माझ्या कवितेसाठी आजवर कुणी एवढा घसा कोरडा केला नव्हता. पुढच्या सोमवारी मी हंस काढून आलो. म्हशी मात्र घातल्या नाहीत. त्यावरूनही भांडण झालंच.

अप्पांचं खरं भांडण होतं ते करीमभाईंशी. बारा-तेरा वर्षं दोघं भांडत होते. दोघांत एक चहा, एक पानाचा डबा, आणि एकमत म्हणून कशावर नाही. एकदा वकीलसाहेबांच्या नाटकात राजाराणी वनवासाला जातात असा अंक होता. करीमभाईंनी त्यासाठी जंगलाचा पडदा रंगवला. आंब्याची डेरेदार झाडं, वेली, कमळांचं तळं, पाणी पिणारी हरणं. मंडळी खूश. अप्पांनी पडद्यापुढे दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, “करीम, ह्यो वनवास हाय का बाग? हितं धाडलं तर मी बी जातो की बायकूला घिऊन. चवदा वर्सं कमीच पडतील.”

करीमभाईंनी ब्रश खाली टाकला. “तो क्या बनाऊँ? लोगाँ रंग देखने आते अप्पा, काटे देखने नै आते.”

“लोकाइचं नगं सांगू. तू कुठलं रान बघितलंस ते सांग.”

करीमभाई पडदा गुंडाळून निघून गेले. आठ दिवस माडीवर आले नाहीत. नवव्या दिवशी प्रयोगाची तालीम होती. त्यांनी नवा पडदा सोडला. बाभळीची चार खुरटी झाडं, खडकाळ जमीन, पिवळं पडलेलं आभाळ आणि लांबवर एकच पळस पेटलेला. आमच्याकडचा उन्हाळा होता तो. अर्धापूरच्या केळीच्या बागा सोडून जरा पुढे गेलं, की जे दिसतं ते. प्रयोगाच्या दिवशी राणीचं काम करणारा आमचा पोरगेला नट त्या पडद्यापुढे अनवाणी आला तेव्हा थिएटरात एक शब्द उमटला नाही. मागच्या रांगेतली एक म्हातारी एवढंच म्हणाली, “पोळत असंल गं लेकराला.”

मी अप्पांना म्हणालो, “तुमचं खरं ठरलं.” अप्पांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. “माझं कसलं खरं? मी म्हणलो असतो बाभळी काढ, तर त्यानं काढल्या नसत्या. त्याला राग आला म्हनून त्यानं काढल्या. दुधाला इरजण लागतं मास्तर. नुसतं जपून ठिवलं तर दही होत न्हाई, नासतं.”

भांडणाचा त्यांचा एकच कायदा होता. कामावर बोलायचं, माणसावर नाही. एकदा वादाच्या भरात वकीलसाहेब करीमभाईंना म्हणाले, “आमच्या पुराणातलं तुम्हाला काय कळणार?” अप्पा ताडकन उठले. त्यांनी वकिलांचा हात धरला, जिन्यापर्यंत नेलं आणि म्हणाले, “साहेब, खाली जाऊन पाणी पिऊन या. त्वांड धुऊन या.” वकीलसाहेब गावातलं मोठं प्रस्थ. दोन सोमवार फुगून बसले. तिसऱ्या सोमवारी आले, आणि आल्याबरोबर त्यांनी करीमभाईंनी रंगवलेल्या राजवाड्याच्या खांबांना नावं ठेवली. करीमभाईंनी हसून त्यांना पान दिलं.

सभा भरवायची तर सरकारी परवानगी लागायची. एकदा पोलिसांचे अमीनसाहेब चौकशीला दुकानात आले. अप्पा हात जोडून म्हणाले, “सभा न्हाई सरकार, भांडण हाय. भांडणाला बी अर्ज लागतो काय?” अमीनसाहेब रसिक होते. वर येऊन बसले, करीमभाईंच्या बाजूने थोडं भांडले आणि चहा पिऊन गेले.

पुढे त्यांची बदली झाली. नंतर आलेले हसत नसत. बाहेर दिवस फिरले होते. रस्त्यावर निजामाच्या बाजूचे लोक गणवेश घालून कवायत करू लागले, खेड्यांतून जाळपोळीच्या बातम्या येऊ लागल्या. व्यापारी बायकामुलांना सरहद्दीपलीकडे बार्शी-सोलापूरला धाडू लागले. माडीवर येणारे कमी झाले. जे येत ते भिंतीला पाठ लावून बसत. कोण कुणाचं कुठे जाऊन सांगेल याचा नेम राहिला नव्हता. गोविंदरावांनी एकदा एक पद वाजवलं, ते चांगलंच बेसूर झालं. अप्पांनी सगळ्यांकडे पाहिलं. “बोला की.” सगळे म्हणाले, “छान झालं.” करीमभाईही म्हणाले. अप्पांचा चेहरा उतरला. खाली जाताना ते मला म्हणाले, “मास्तर, आज माडीवर पयल्यांदा एकमत झालं. मला भ्याव वाटून राहिलंय.”

मग त्यांनी करीमभाईंना एक काम दिलं. नाटक नव्हतं, प्रयोग नव्हता, तरी पडदा रंगवायला सांगितला. गोदावरीचा घाट, जसाच्या तसा. करीमभाई रोज माडीवर येऊन रंगवू लागले आणि अप्पा गल्ल्यावरून उठून दर तासाला वर जाऊन खोड काढू लागले. मला त्या दिवसांतला खालून ऐकू येणारा दोघांचा आरडाओरडा आठवतो. गल्लीत सगळे कुजबुजत होते, तेवढ्या एका माडीवर दोन माणसं मोठ्याने बोलत होती.

तो उन्हाळा होता. एके दिवशी दुपारी मी माडीवर गेलो तेव्हा करीमभाई ब्रश पुसत होते. पडदा अर्धा झाला होता. ते अप्पांना म्हणाले, “बहन हैदराबाद बुला रही. बोलती, सब लोगाँ आ जाव. बीवी भी वोच बोलरी. सोचरा हूँ, जाऊँ.”

अप्पा जोरात हसले. नेहमीचंच हसू, बाह्या सारून भिडण्याआधीचं. “जा की! अर्धी नदी सोडून जा. लोक इचारतील तर सांगतो, आमचा पेंटर पाण्याला भिऊन पळाला.”

“डर के नै जारा अप्पा.”

“मंग कामून जाऊन राहिलास? तुझं गाव कुठलं? हैदराबादंत कोन तुझ्या पडद्याला नावं ठिवणार हाय? पळपुट्या हाईस तू. लिही तसं पाटीवर.”

करीमभाईंच्या गळ्याची शीर ताठ झाली. ते माझ्याकडे वळले. “मास्टर, तुम बोलो. तुम क्या बोलते?”

मला त्या क्षणी काय वाटलं ते मला पक्कं माहीत आहे. वाटलं, जावं यांनी. मी स्वतः आदल्याच महिन्यात बायकोला सोलापूरला पोचवून आलो होतो. पण अप्पा रंगात आले होते, आणि त्यांचा हा खेळ मी इतकी वर्षं पाहिला होता. त्यातून नेहमी चांगलंच निघायचं. मी म्हणालो, “अप्पा म्हणतात ते बरोबर आहे. इथे तुम्हाला कोण काय करणार आहे?”

करीमभाईंनी ब्रश पुन्हा रंगात बुडवला. “ठीक है. नदी पूरी करके दिखाता. फिर बोलना पळपुट्या.” अप्पांनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला.

पावसाळा सरता सरता हिंदुस्थानचं लष्कर आलं आणि चार-पाच दिवसांत राज्य बदललं. आम्ही साखर वाटली. अप्पांनी दुकानापुढून जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर चिमूटभर ठेवली, करीमभाईंच्याही. पण मग त्यापुढचे दिवस आले. इतके दिवस एकांनी भोगलं होतं, आता खेड्यापाड्यांतून दुसऱ्यांना भोगायला लागलं. ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांनाही. आमच्या भागात त्या दिवसांबद्दल आजही लोक आवाज खाली घेऊन बोलतात.

करीमभाईंचा मेहुणा रशीद त्यांच्याजवळच राहायचा, रंग घोटून द्यायचा. आई खेड्यात एकटी आहे म्हणून तिला आणायला गेला. आई दुसऱ्या कुणाच्या तरी बैलगाडीतून चार दिवसांनी आली. रशीद आला नाही. कधीच आला नाही.

त्याच आठवड्यात करीमभाईंच्या घराला आग लागली, म्हणजे लावली गेली. करीमभाई, त्यांची बायको आणि सासू, अशा तिघांना अप्पांनी आपल्या माडीवर आणलं. अप्पांच्या घरी सोवळंओवळं कडक, पण अप्पांच्या बायकोने, गिरिजाक्कांनी, एका शब्दाने काही विचारलं नाही. रोज दोन वेळा ताटं वर नेली. एकदा काही माणसं दुकानापुढे जमली. वर कोण आहे, असं विचारू लागली. अप्पा जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले आणि म्हणाले, “वर माझे पाव्हणे हायती. जायचं आसंल तर माझ्या अंगावर पाय दिऊन जा.” त्यांतले निम्मे त्यांचे गिऱ्हाईक होते. घटकाभर उभे राहिले आणि गेले.

माणसं वाचली. पण माडीवर काही उरलं नव्हतं. करीमभाई अप्पांच्या खोडींपायी अजून अर्ध्याच राहिलेल्या पडद्याकडे तोंड करून दिवसभर बसत. अप्पा वर जात, काही तरी बोलत, खाली येत. एकदा मी सोबत होतो. अप्पा पडद्यापुढे उभे राहून नेहमीच्या आवाजात म्हणाले, “करीम, ही गोदावरी हाय का नाली?”

“जी अप्पा. नालीच लगरी.”

“आन् ह्यो घाट? पायऱ्या हायत का पापड वाळत घातल्यात?”

“तुम सही बोलते अप्पा. गलत बना.”

पायऱ्या सुरेख होत्या. गावातलं लहान पोर त्या ओळखून सांगेल की ही इथली तिसरी पायरी फुटकी आहे. अप्पांचा आवाज चढत गेला. ते रंगाला बोलले, हाताला बोलले, बारा-तेरा वर्षांच्या सगळ्या पडद्यांना नावं ठेवली. आणि शेवटी स्वतःचा कायदा मोडून माणसावर आले. “तू पेंटर न्हाईसच! तू चुना फासणारा हाईस!”

“जी,” करीमभाई म्हणाले.

अप्पा मटकन खाली बसले. त्यांनी करीमभाईंचे दोन्ही हात धरले. “मी तुला जाऊ दिलं न्हाई. मी तुला पळपुट्या म्हणलो. मला शिवी दे करीम. माझ्या तोंडावर थुक. पर जी म्हणू नको.”

करीमभाईंनी हात सोडवून घेतले नाहीत. म्हणाले, “गलती किसी की नै अप्पा. नसीब.”

तुमचं चुकलं, एवढे दोन शब्द त्यांनी उच्चारले असते तर अप्पा कदाचित उभे राहिले असते.

गाड्या सुरळीत झाल्यावर ते तिघं हैदराबादला निघाले. आम्ही स्टेशनवर पोचवायला गेलो. गाडी हलली तसे अप्पा डब्यात चढले. “मुदखेडपर्यंत येतो,” म्हणाले. मीही मागोमाग चढलो. वाटेत अप्पा बोलत राहिले. खिडकीबाहेरच्या रानाचा रंग कसा काढशील, हे आभाळ तुला जमणार नाही, हैदराबादेत तुला पाटीसुद्धा कुणी देणार नाही. करीमभाई मान डोलवत होते. शेवटी त्यांची बायको, जी इतक्या वर्षांत आमच्यापुढे कधी बोलली नव्हती, बुरख्याआडून म्हणाली, “बस करो अप्पा. अब ये नै लड़ते. घर में मेरे से भी नै लड़ते.”

मुदखेडला आम्ही उतरलो. करीमभाईंनी खिडकीतून सलाम केला. गाडी गेली. परतीच्या गाडीला अवकाश होता. आम्ही फलाटावरच्या बाकावर बसलो. पलीकडे केळीचे घड लादलेल्या गाड्या उभ्या होत्या आणि हमाल हमरीतुमरीवर येऊन कशावरून तरी बाचाबाची करत होते. अप्पा त्यांच्याकडे बराच वेळ बघत होते.

“मास्तर,” ते म्हणाले, “त्या दिवशी तुमाला काय वाटलं व्हतं? खरं सांगा.”

“जावं त्यांनी, असं वाटलं होतं.”

अप्पांनी मान हलवली. रागावले नाहीत. “मी बारा वर्सं तुमाला भांडायला शिकीवलं. कशासाठी वाटलं तुमाला? गाण्यासाठी? कवितांसाठी?” आणि मग अगदी हळू, त्यांच्या आवाजात मी कधी ऐकलं नव्हतं इतकं हळू, “मी चुकलो तर माझ्याशी कुणीतरी भांडावं म्हनून. आन् त्याच दिवशी तुमी बरोबर हाय म्हणलाव.”

हमालांचं भांडण मिटलं होतं. ते एकाच चिलमीवर बसले होते.

अप्पांनी त्यानंतर माडी उघडली नाही. दोन वर्षांत दुकान विकून ते लातूरला भावांकडे गेले. ज्या भावांशी जन्मभर पटलं नाही त्यांच्या आडतीत गुपचूप बसू लागले. तिथेच एका उन्हाळ्यात गेले. मला कळलं तेव्हा त्यांना त्यांच्या रीतीप्रमाणे बसवून माती देऊन आठ दिवस झाले होते. करीमभाईंच्या हैदराबादच्या पत्त्यावर मी दोन पत्रं टाकली. एकही परत आलं नाही, एकाचंही उत्तर आलं नाही.

राज्य बदललं, मग भाषेचं राज्य झालं. सभांना परवानगी लागेनाशी झाली. मी हेडमास्तर झालो, निवृत्त झालो. शाळेत, साहित्याच्या बैठकांत, घरी मुलांच्या सोयरिकी ठरवतानासुद्धा, सगळ्यांच्या माना एकदम डोलू लागल्या की मी उठून उभा राहतो. काही तरी बोलतो. बहुतेक वेळा माझंच चुकीचं असतं. लोक मला भांडखोर म्हणतात, मुलं मला गप्प बसवतात, बायको बाही ओढते. मी बसत नाही. एक दिवस मी बसून राहिलो होतो. तेवढा पुरे आहे.